हाच तो बैल

मृगाचा पाऊस आठ दिवसांवर आलेला असतो. वेदगंगेच्या काठच्या एखाद्या खेड्यात शेतकरी भल्या पहाटे वैरण टाकण्यासाठी गोठ्यात जातो, आणि दोन दाव्यांपैकी एक रिकामे पाहून जागच्या जागी उभा राहतो. दावे तुटलेले नाही, कापलेले आहे. उरलेला बैल मान वर करून बाहेरच्या अंधाराकडे पाहत असतो. त्या सकाळी घरातून एका बैलाची किंमत गेली एवढेच म्हणून भागत नाही. जोडी एकमेकांच्या चालीला सरावलेली असते. नांगराला, कुळवाला, पाभरीला ती एका पावलाने चालते. नवा बैल आणला तरी दोघांचे जमण्यास दिवस लागतात, आणि वापसा कोणासाठी थांबत नाही. ट्रॅक्टर गावोगाव आले हे खरे; परंतु ज्याचे रान दीड-दोन एकर आणि तेही बांधाबांधांनी तुटलेले, त्याचा संसार अजूनही त्या दोन दाव्यांनाच बांधलेला आहे.

अशा चोरीचा तपास कोण करतो, कसा करतो, आणि त्यात खरी अडचण कोठे येते, याचा विचार बेळगाव-निपाणीच्या सीमाभागापुरता येथे करावयाचा आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, आपल्याकडे या कामासाठी निराळे खाते नाही. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात गुराखी-मालकांनी १८७७ साली ग्रॅहॅम या गावी एक संघ स्थापन केला. त्या संघाचे खास तपासनीस आजही सरकारी अधिकारपत्र घेऊन जनावरांच्या चोरीचा माग काढतात, आणि त्याचे निरीक्षक बाजारात येणाऱ्या प्रत्येक जनावरावरील डाग वहीत उतरून घेतात. केनियात आणि दक्षिण आफ्रिकेतही पोलिसांची अशी स्वतंत्र पथके आहेत. आपल्या सीमाभागात मात्र हे काम ठाण्यातील फौजदार व हवालदार, सरकारी पशुवैद्य आणि दंडाधिकारी या तिघांत वाटलेले आहे. ज्या फौजदाराने सकाळी मोटार अपघाताचा पंचनामा केला, त्यालाच दुपारी बैलाचे वर्णन लिहून घ्यावे लागते.

पूर्वी या कामाची एक पक्की रीत होती. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराच्या कामाचे वर्णन आहे. चोरी झाली की राखणदाराने पावलांचा माग काढावयाचा. तो माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला आणि तेथील राखणदाराची तशी खात्री पटली, की पहिल्याची जबाबदारी संपे आणि दुसऱ्याची सुरू होई. ज्या गावाच्या हद्दीत माग शेवटी हरवला, ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार. या रीतीत अन्यायही होत असेल; कारण एकाच्या पापाचा दंड साऱ्या गावाला भरावा लागे. परंतु तिच्या मुळाशी एक शहाणपण होते. माग शिवेवर येऊन थांबत नसे. शीव ओलांडली म्हणजे तपासाचे हात बदलत, तपास चालू राही.

आज अडचण नेमकी शिवेवरच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. कागल आणि निपाणी यांच्यामध्ये राज्याची हद्द पडली. वाद न्यायालयात आहे. पण जनावर हद्द ओळखत नाही, आणि ते चोरणारा ती फार चांगली ओळखतो. निपाणीहून पुणे-बंगळूर महामार्गाने कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर. दुसरी वाट मुरगूड, राधानगरीवरून फोंडा घाटाने कोकणात उतरते. तिसरी चिकोडीवरून मुधोळकडे जाते. बेळगावाहून घाट उतरला की गोवा. रात्री अकराला उचललेले जनावर उजाडण्यापूर्वी दुसऱ्या राज्यातील बाजाराच्या वाटेवर असू शकते. महामार्गावर कोगनोळी आणि हत्तरगी येथे टोलनाके आहेत, तेथील कॅमेऱ्यांत गाडीचा क्रमांक सापडतो. पावलांचा माग काढणाऱ्या राखणदाराची जागा आता काही अंशी या कॅमेऱ्याने घेतली आहे. परंतु दूधगंगा-वेदगंगेच्या पट्ट्यात गावरस्त्यांचे जाळे दाट आहे, आणि ज्याला नाका चुकवावयाचा त्याला तो चुकवता येतो.

कायद्याने या अडचणीवर काही उपाय केलेले आहेत. चोरीचा खटला जेथे चोरी झाली तेथे चालतो, तसाच चोरीचा माल जेथे सापडला तेथेही चालू शकतो. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर असे स्पष्ट केले आहे की, गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो, फिर्याद नोंदवून घेतली पाहिजे. मग ती योग्य त्या ठाण्याकडे पाठवावी. म्हणजे "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर आता कायद्याला मान्य नाही. पहिल्या काही तासांतच जनावर हाती लागण्याचा संभव अधिक असतो. म्हणून ते तास हद्दीच्या वादात जाऊ नयेत, हा या तरतुदीचा हेतू आहे.

आता फिर्यादीकडे वळू. येथे सीमाभागाची आणखी एक अडचण उभी राहते, ती भाषेची. शेतकरी मराठीत सांगतो, ठाण्यातील लेखन कानडीत होते. तो 'बैल' म्हणतो, कागदावर 'एत्तु' येतो. तो 'म्हैस' म्हणतो, कागदावर 'एम्मे' येते. एवढ्याने काही बिघडत नाही. परंतु बैल 'कोसा' आहे, 'काजळी' आहे, 'चौसा' आहे, शिंग 'मुळाशी जवळ आणि टोकाला मागे गेलेले' आहे, हे बारकावे भाषांतरात गळून पडतात आणि कागदावर 'पांढऱ्या रंगाचा एक बैल' एवढेच उरते. या मुलखात पांढरे खिलार बैल काय थोडे आहेत? फिर्याद वाचून दाखवली पाहिजे आणि तिची नक्कल फिर्यादीला विनामूल्य दिली पाहिजे, असा कायदाच आहे. जाणता अंमलदार ती त्याच्या भाषेत समजावून देतो, आणि घाईघाईने अंगठा उठवून घेत नाही. पुढे सहा महिन्यांनी न्यायालयात सारा खटला या वर्णनावर उभा राहणार असतो.

कारण चोरीचे घड्याळ किंवा मोटार यांवर क्रमांक असतो. बैलावर तो नसतो. चोर सापडला, बैलही सापडला, तरी "हाच तो बैल" हे सिद्ध करावयाचे राहतेच. जनावरांच्या चोरीच्या तपासाचा सारा कस या तीन शब्दांत आहे.

ही ओळख कशी पटवावयाची? शेतकऱ्याजवळ तिची सामग्री भरपूर असते. ती विचारून घेणारा हवा. कपाळावरचा भोवरा कोठे आहे, एक आहे की दोन. वशिंडाचा कल कोणत्या बाजूला. गळ्याची पोळी भरलेली की हलकी. शेपटीचा गोंडा काळा की मिश्र. लहानपणी डागलेले आहे काय. कान फाटलेला आहे काय. खांद्यावर जुवाचा घट्टा कोणत्या अंगाला अधिक आहे. हा शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा होय. जोडीतील एक बैल नेहमी डाव्या अंगाला जुंपला जातो, दुसरा उजव्या. वर्षानुवर्षांच्या सवयीने तो त्याच बाजूला जाऊन उभा राहतो. चोर शिंगे तासून घेईल, शिंगांचा रंग बदलेल, वेसण आणि घुंगरमाळ काढून टाकील. पण ही सवय त्याला पुसता येत नाही.

दुसरी खूण दातांची. गुरांच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खालच्या जबड्यात आठ असतात. ते सारे दुधाचे असेपर्यंत जनावर 'आदत'. साधारण दोन-अडीच वर्षांनी मधली जोडी पडून मोठे दात आले की 'दुसा', दुसरी जोडी बदलली की 'चौसा', मग सहादाती, आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास चौथी जोडी आली म्हणजे बैल 'जुळला'. म्हशीचे दात याहून काहीसे उशिरा बदलतात. फिर्यादीत 'चौसा' लिहिले आणि पंधरा दिवसांनी सापडलेला बैल जुळलेला निघाला, तर तो बैल निराळा आहे. येथे दातांची साक्ष निर्दोष माणसाला वाचवते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मात्र दात एकदा जुळले की पुढचे वय केवळ त्यांच्या झिजेवरून अजमावावे लागते, आणि झीज ही चाऱ्यावर, मातीवर अवलंबून असते. या गोष्टीचे महत्त्व पुढे येणार आहे.

जनावर सापडण्याचे मोठे ठिकाण म्हणजे बाजार. माघात रायबाग तालुक्यातील चिंचली येथे मायाक्का देवीची यात्रा भरते. हद्दीपलीकडे पेठवडगावचा बाजार आहे, सांगली जिल्ह्यात खरसुंडीची यात्रा खिलार जनावरांसाठी प्रसिद्ध आहे. शर्यतींच्या बैलांना तर अलीकडे लाखांच्या घरात भाव येतो. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींना वाट मोकळी केली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हापासून चांगल्या खोंडावर मालकाची नजर असते तशी चोराचीही असते.

बाजारात व्यवहार कसा होतो? हेडी आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरवतात. भोवती शंभर माणसे उभी असतात, पण भाव किती ठरला हे कोणालाच कळत नाही. मग पैसे हातोहात दिले जातात. या जुन्या पद्धतीत विश्वासाचा भाग मोठा आहे आणि ती सर्वस्वी वाईट म्हणता येणार नाही. परंतु तपासाच्या दृष्टीने तिच्यात एकही साक्षीदार तयार होत नाही. म्हणून बाजार समितीची पावती घेणे आवश्यक ठरते. तीत विकणाऱ्याचे नाव, गाव, जनावराचा रंग, वय, खुणा आणि किंमत नमूद असते.

या पावतीचे मोल कायद्याच्या एका तत्त्वावरून कळेल. चोरीनंतर थोड्याच काळात चोरीची वस्तू ज्याच्याजवळ सापडते, तो चोर आहे किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा आहे, असे न्यायालयाला गृहीत धरता येते. पण ती आपल्याजवळ कशी आली याचा उलगडा त्याने केला नाही तर. पावती हा तो उलगडा होय. तपास करणारा अंमलदार पावतीवरून विकणाऱ्याकडे, त्याच्याकडून त्याला विकणाऱ्याकडे, असा मागे मागे जातो. हा कागदावरचा माग. जेथे पावती संपते तेथे तो माग हरवतो, आणि बहुधा चोर तेथेच असतो.

परंतु येथे एक कठीण प्रसंग उभा राहतो. समजा, निपाणीजवळ चोरीस गेलेला बैल महिन्याभराने हद्दीपलीकडे एका शेतकऱ्याच्या गोठ्यात सापडला. त्याने तो भर बाजारात, योग्य किमतीला, कर्ज काढून विकत घेतला आहे. तो चोर नाही. चोरीचा माल असल्याची त्याला कल्पना नव्हती, म्हणून तो गुन्हेगारही नाही. तरीही बैल त्याला ठेवता येत नाही. ज्याची मालकी नव्हती त्याने विकले, तर घेणाऱ्याला मालकी मिळत नाही, हा कायद्याचा नियम. त्याने आपले पैसे विकणाऱ्याकडून वसूल करावयाचे. आणि विकणारा केव्हाच नाहीसा झालेला असतो. एका चोरीत दोन घरे बुडतात ती अशी. चांगला अंमलदार त्या दुसऱ्या शेतकऱ्याशी आरोपीसारखा बोलत नाही. कारण माणुसकीचे तर आहेच, शिवाय चोराचा चेहरा पाहिलेला माणूस बहुधा तोच असतो.

हे टाळण्यासाठी कानातील बिल्ल्याची योजना झाली. बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आता गावोगाव गुरांच्या कानांत दिसतो. सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ्या-खुरकुत व सांसर्गिक गर्भपात या रोगांच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि लसीकरणाबरोबर बिल्ल्याचा प्रसार वाढला. क्रमांकावर मालकाचे नाव, गाव, जनावराची जात आणि लशींची नोंद असते. महाराष्ट्राने तर १ जून २०२४ पासून बिल्ल्यावाचून जनावरांची खरेदी-विक्री व वाहतूक करू नये असा नियम केला. बिल्ल्याची कमजोरी उघड आहे: तो कापून काढता येतो. पण कापलेल्या बिल्ल्यामागे कानाला भोक किंवा चीर राहते, आणि ताजी जखम असलेले जनावर बाजारात आले तर तीच संशयाला पुरेशी खूण होते. विकल्यानंतर नव्या मालकाचे नाव नोंदवून घेतले नाही, तर मात्र प्रामाणिक माणूसही अडचणीत येतो. कारण क्रमांक एकाचा आणि जनावर दुसऱ्याचे असे दिसते. याहून पक्की खूण निसर्गाने दिलेली आहे. माणसाच्या बोटांचे ठसे तसे गुरांच्या नाकाडावरील रेषांचे ठसे प्रत्येक जनावराचे निराळे असतात. पाश्चात्त्य देशांत १९२० नंतरच्या दशकापासून त्यांचा अभ्यास झाला आहे. साध्या मोबाइलवर काढलेले नाकाडाचे स्वच्छ छायाचित्रही वेळप्रसंगी उपयोगी पडते.

मेंढरांची गोष्ट याहून अवघड. धनगर आपली मेंढरे चेहऱ्यावरून ओळखतो. शेकडो तोंडांतून आपले कोकरू तो अचूक काढील. पण ही ओळख कागदावर कशी उतरावी? खत म्हणून शेतात मेंढरे बसवलेली असतात, रात्री गाडी येते आणि जाळीतून पाच-दहा उचलून नेली जातात. सकाळी कळप पुढच्या गावी न्यावयाचाच असतो. ठाण्यात दिवसभर बसण्यास मागे राहणार कोण? फिर्यादच होत नाही, आणि म्हणून चोरीही झाली नाही असे वहीवरून दिसते. कानाची पारंपरिक कात आणि तिची नोंद, एवढाच त्यास तूर्त आधार.

चोरीखेरीज तपासाचा दुसरा मोठा भाग वाहतुकीचा आहे, आणि येथे हद्दीच्या दोन बाजूंना दोन कायदे आहेत. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाय, वळू आणि बैल यांच्या कत्तलीस बंदी आहे. म्हैस त्या बंदीत नाही, तिला दाखल्याची अट आहे. कर्नाटकाच्या २०२० च्या कायद्याने, जो २०२१ साली अंमलात आला, गोवंशाबरोबर तेरा वर्षांखालील म्हशींनाही संरक्षण दिले आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची ठेवली. कोगनोळीचा नाका ओलांडताच त्याच म्हशीचे कायद्यातील स्थान बदलते. आणि ती बारा वर्षांची की चौदा, हे सांगणार कोण? दात जुळून कित्येक वर्षे झालेली असतात. पशुवैद्याला झिजेवरून अंदाज द्यावा लागतो. एका माणसाचे स्वातंत्र्य ज्या आकड्यावर अवलंबून आहे तो आकडा अंदाजाचा आहे, याची जाणीव तपासणाऱ्याने सोडता कामा नये.

दुधाची म्हैस किंवा कामाचा बैल शेतीसाठी नेणे हा कोणत्याही बाजूला गुन्हा नाही. वाहतुकीचे नियम मात्र पाळावे लागतात. १९७८ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे एका मालमोटारीत सहाहून अधिक गुरे भरता येत नाहीत, प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला लागतो, आणि बरोबर एक राखण्या असावा लागतो. हे नियम जनावराला होणाऱ्या यातना थांबवण्यासाठी आहेत. झडती घेण्याचा आणि जप्तीचा अधिकार कर्नाटकाच्या कायद्याने फौजदार किंवा त्यावरील पोलीस अधिकारी आणि नेमलेले सक्षम अधिकारी यांना दिला आहे; वाटेवरील जमावाला नव्हे. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध सर्व राज्यांना स्पष्ट आदेश दिले. गाडी अडवून चालकाला मारणारा मनुष्य कायद्याला मदत करीत नाही. तो एक निराळा गुन्हा करतो, आणि जो पुरावा फौजदाराने गोळा करावयाचा तोही त्या गोंधळात नष्ट होतो.

शेवटी प्रश्न राहतो तो मुद्देमालाचा. चोरीचे दागिने कपाटात ठेवता येतात. बैलाला रोज वैरण-पाणी लागते. ठाण्याच्या आवारातील लिंबाला बांधलेले जनावर आठवड्याभरात खंगते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या प्रकरणात सांगितले की, मुद्देमाल ठाण्यात विनाकारण पडून राहू नये. सविस्तर पंचनामा करावा, छायाचित्रे घ्यावी आणि जामिनावर तो योग्य माणसाच्या ताब्यात द्यावा. जनावराच्या बाबतीत या आज्ञेचे महत्त्व कितीतरी अधिक आहे. ओळख पटवताना तशाच रंगाची, वयाची चार जनावरे शेजारी उभी करून मग मालकाला बोलावणे, हीही रीत न्यायाची आहे. एकट्या उभ्या असलेल्या बैलाकडे बोट दाखवून "हा तुझाच ना?" असे विचारणे ही ओळख नव्हे.

शेतकऱ्याने आपल्या बाजूने करावयाचे थोडे आहे आणि ते पैशाचे नाही. प्रत्येक जनावराचे डावीकडून, उजवीकडून आणि नाकाडाचे अशी तीन छायाचित्रे ठेवावीत; बिल्ल्याचा क्रमांक आणि दातांची अवस्था वहीत लिहून ठेवावी; विकताना आणि घेताना पावती करावी; आणि दावे रिकामे दिसताच, इकडेतिकडे शोधण्यात दिवस न घालवता, जवळच्या ठाण्यात जावे. फिर्याद कानडीत लिहिली गेली तर ती वाचून घ्यावी, न कळलेला शब्द विचारावा, आणि नक्कल मागून घ्यावी.

असे झाले, तर एखाद्या संध्याकाळी दंडाधिकाऱ्याचा हुकूम घेऊन शेतकरी आपला बैल परत गावात आणतो. बैल वाळलेला असतो, वेसण निराळी असते. गोठ्याच्या दाराशी आल्यावर मालक हातातला कासरा सैल सोडतो. बैल आत जातो आणि आपल्या जोडीदाराच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहतो. न्यायालयाला जे सिद्ध करण्यास पाच पंच आणि दोन दाखले लागले, ते त्या गोठ्यात कोणी विचारतही नाही. हद्दीपलीकडच्या दुसऱ्या एका गोठ्यात मात्र त्याच संध्याकाळी एक दावे रिकामे झालेले असते. त्या घराचे पैसे घेऊन गेलेला माणूस अजून सापडावयाचा आहे, आणि तो सापडेपर्यंत त्या ठाण्यातील फाईल मिटत नाही.